ढालीचं सूप झालं

६ नोव्हेंबर

ही वही खरं तर वॉचमनची आहे. आत रकाने छापलेत: तारीख, नाव, गाडी नंबर, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ. माझा मेव्हणा हेमंत आज वाशिंदहून आला तो ही वही आणि एक निळा गणवेश घेऊन. गणवेशाच्या खांद्यावर पिवळ्या धाग्याने 'सुरक्षा' असं शिवलंय. म्हणाला, "दाजी, एक फेब्रुवारीपासून आमच्या सोसायटीच्या गेटवर तुमची जागा पक्की. तोवर वही भरायची सवय करा." आता आमच्या दारात येतं कोण? दूधवाला आणि शेजारची शेळी. तेव्हा मी ठरवलंय, या वहीत मी माझंच लिहिणार. रकाने गेले खड्ड्यात.

एकतीस वर्षं मी पळसोंड्याचा पेंटर आहे. शहापूरकडून या नाहीतर मुरबाडकडून, गावात शिरताना जी अक्षरं दिसायची ती सगळी माझी. किराणा दुकान, पिठाची गिरणी, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, टेम्पोच्या मागचं 'पुन्हा भेटू'. खाली कोपऱ्यात बारीक 'अनंता आर्ट्स'. मग फ्लेक्स आला आणि सगळ्यांना घाई झाली. यंदा गणपतीपासून मी एकच काम केलं, विहिरीवर 'येथे कपडे धुऊ नयेत' लिहिलं. बायका त्या अक्षरांवरच कपडे वाळत घालतात.

म्हणून हेमंतला मीच हो म्हणालो. रत्नाने पँट माझ्या कमरेला लावून बघितली आणि "चार बोटं लांब हाय, कापावी लागेल," एवढंच बोलली. मनातून खूश असणार. बायकोला नवऱ्याचा पगार आवडतो आणि भावाचं ऐकलेलं त्याहून आवडतं.

९ नोव्हेंबर

आमची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली, त्याला आठ महिने झाले. गटारं तीच आहेत, फक्त मेंबरांना नगरसेवक म्हणायचं. आज नगराध्यक्षा निर्मलाताईंनी दवंडी दिल्यासारखं मोबाइलवर सगळ्यांना कळवलं: शहराला बोधचिन्ह पाहिजे. लेटरहेडवर, कचऱ्याच्या गाडीवर, सगळीकडे तेच लागणार. ज्याला सुचेल त्याने काढून आणावं, सभा निवडेल, आणि सव्वीस जानेवारीला त्याचं अनावरण.

मी फ्लेक्सवाल्या विनोदच्या दुकानात गेलो. विनोद माझ्याच हाताखाली ब्रश धरायला शिकला, नंतर त्याने कर्ज काढून मशीन घेतलं. त्याचं चिन्ह दहा मिनिटांत तयार. मधे ढाल, वर मुकुट, दोन्ही बाजूंना मागच्या पायांवर उभे दोन सिंह. मी विचारलं, "सिंह कधी आला रे पळसोंड्यात?" तर म्हणाला, "काका, नेटवर सगळ्या शहरांना सिंहच हायेत. तुमी पण काढा ना एक." मला त्याचा 'पण' टोचला.

घरी येऊन रत्नाला सांगून टाकलं. माझं चिन्ह पास झालं तर मी ब्रश सोडणार नाही. नाही झालं तर एक फेब्रुवारीला मुकाट्याने गेटवर. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "बरं." वाईट वाटलं असेल तिला. गणवेश शिवून तयार करायच्या आत नवऱ्याचं हे खूळ.

१५ नोव्हेंबर

सहा दिवस खपून चिन्ह काढलं. ढाल मीही घेतली, कारण ढालीशिवाय शहराला वजन येत नाही. तिच्यावर तलवार, मागे सिद्धगडाचा डोंगर. दोन्ही बाजूंना सिंहांच्या जागी भाताच्या दोन लोंब्या, एकदम ताठ, पोलीस परेडमधल्यासारख्या. ढाल म्हणजे संरक्षण, तलवार म्हणजे शौर्य, ताठ लोंबी म्हणजे स्वाभिमान. अर्थ असा दोन पानं लिहून काढला. मोठ्याने वाचला तेव्हा माझेच डोळे भरून आले.

ब्रश पुसायला फडकं नव्हतं. रत्नाने कुठून तरी निळ्या जाड कापडाचे चार तुकडे आणून दिले. झकास टिपतात, धागा सुटत नाही. पँटीचं विचारलं तर म्हणाली मशीनचा पट्टा तुटलाय. आणि संध्याकाळी शेजारणीचा ब्लाउज मात्र शिवून दिला. हातावर शिवला असेल.

२१ नोव्हेंबर

आज सभा झाली. लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

मी अर्थ वाचायला उभा राहिलो. ढालीला कोणी काही बोललं नाही, तलवारीलाही नाही. 'ताठ लोंबी म्हणजे स्वाभिमान' असं म्हणालो आणि पाच नंबर वॉर्डाचा धाऊ खुर्चीत हलायला लागला. धाऊची दहा एकर भातशेती. म्हणाला, "अनंता, तुझ्या भातात दाणा नाय रे भरला."

मला काही कळेना. तो उठून बाहेर गेला, मळणीला आलेल्या भाऱ्यातून दोन लोंब्या उपटून आणल्या आणि टेबलावर धरल्या. भरलेली खाली वाकून डुलत होती. दुसरी ताठ होती, ती त्याने बोटांत चुरली तर नुसतं भुस्कट. "ताठ राहते ती पोचट. आपल्या गावाची खूण काय पोचट लोंबी ठेवायची?" सभा पाच मिनिटं हसत होती. निर्मलाताई पूर्वी अंगणवाडीत होत्या, मेंबरांना गप्प कसं करायचं ते त्यांना जमतं, पण आज त्यांनीही पदर तोंडाला लावला.

माझा बाप शेतकरी. मी कुणब्याचा मुलगा. एकतीस वर्षं या गावाची नावं लिहिली आणि भात कसा उभा राहतो ते मला माहीत नाही. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

विनोदचंही बरं चाललं नाही. ठाकूरवाडीचे यमाजीबाबा त्याच्या सिंहाकडे बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "ह्यो कुत्रा कुणाचा?" ताईंनी दोघांना पुन्हा काढून आणायला सांगितलं, आणि सतराही वॉर्डांना विचारून काढा म्हणाल्या.

६ डिसेंबर

पंधरा दिवस वॉर्डावॉर्डांत हिंडतोय. एक नंबरला देवळाचा कळस पाहिजे. दोन नंबरला पण कळसच, पण त्यांच्या देवळाचा. तीन नंबरला धरण, चारला धरणाचा निषेध. धाऊला भरलेली लोंबी आणि बैलजोडी. सहा नंबरच्या पोरांनी क्रिकेटची बॅट सांगितली, गेल्या वर्षी ते तालुक्यात पहिले आले. सातला दुधाचा कॅन, आठला मोबाइलचा टॉवर, कारण तो त्यांच्याकडे आहे आणि नऊला नाही. नऊ नंबरवाल्याने मला चहा पाजून हळूच सांगितलं की काहीही घाला पण टॉवर घालू नका. असं करत सोळा झाले. मी कुणालाच नाही म्हणालो नाही. सगळ्यांची मतं घ्यायची म्हटल्यावर मोडायचं कुणाचं?

सोळा वस्तू एका ढालीत बसवल्या. लोंबी या वेळेला वाकवली. लांबून चिन्ह भांड्यांच्या दुकानासारखं दिसतं. जवळूनही तसंच दिसतं.

८ डिसेंबर

सतरावा वॉर्ड म्हणजे ठाकूरवाडी. फाट्यापासून दोन किलोमीटर आत, जंगलाला टेकलेली. यमाजीबाबांना विचारलं, चिन्हात तुमचं काय घालू? ते म्हणाले, "आमचं काय नको. फाट्यावर वाडीचं नाव लिहून दे. कुणाला वाडी सापडतच नाय."

त्यांची सून गेल्या पौषात बाळंत होत होती तेव्हा अँब्युलन्स फाटा चुकून पुढे उंबराच्या पाड्यापर्यंत गेली. पोरगी रस्त्यावरच्या मोरीवरच जन्मली. धडधाकट आहे, आज अंगणात कोंबडीच्या मागे रांगत होती. मी एकतीस वर्षं गावभर पाट्या लिहिल्या आणि ही एक पाटी लिहायला मला कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. फाट्यावर माणसाच्या उंचीचा काळा दगड आहे. झोळीत पांढरा ऑइलपेंट होता. तिथेच बसलो, दगड निळ्या फडक्याने पुसला आणि 'ठाकूरवाडी' लिहून खाली बाण काढला. अक्षर इतकं सुरेख आलं की मी चार पावलं मागे जाऊन तीनदा बघितलं.

परत वाडीत पाणी प्यायला गेलो. यमाजीबाबांची म्हातारी, हिरीआजी, नागली पाखडत होती. माझा कागद बघून म्हणाली, "ह्या सुपात काय काय भरलंस रं?"

"सूप नाही आजी, ढाल आहे."

"ढाल काय करायची?"

"शत्रूपासून रक्षण करते."

"कोण शत्रू?"

मी विचार केला. आठ नंबर आणि नऊ नंबर सोडले तर कोणी आठवेना. म्हातारीने कागद फिरवून धरला. वर रुंद, खाली निमुळतं. "मला तं सूपच दिसतं. आन् सूप हाय तं पाखड ना. येवढा कोंडा कुठं ठेवशील?" आणि परत पाखडायला लागली.

९ डिसेंबर

काल रागावूनच घरी आलो. चार बुकं न शिकलेली बाई माझ्या ढालीला सूप म्हणते. रत्नाला सांगितलं तर ती पोट धरून हसली. मग आतून आपलं सूप आणलं आणि माझ्या कागदाशेजारी ठेवलं.

तंतोतंत तोच आकार. देवा. महिनाभर मी सूपच काढत होतो.

१७ डिसेंबर

आठ दिवस सूप बघतोय. बांबूची एक कामटी खालून, एक वरून, कडेला वेताचा बांध. आमच्या घरात मूल जन्मलं की सुपात ठेवतात, लक्ष्मीला सुपातून नैवेद्य, भात सुपात, नागली सुपात. सगळ्या वॉर्डांत, सगळ्या घरांत सूप आहे, आणि सतरा वॉर्डांत हिंडून एकानेही सांगितलं नाही. रोज हातात असतं म्हणून.

सुपात काय ठेवायचं ते कळलं, वाकलेली भरलेली लोंबी, एकच. पण बाकीच्यांचे कळस, बॅटी, टॉवर पाखडून टाकले तर सभेत माझं काय होईल? जेवताना हेच बोलत होतो. रत्ना भाकरी थापता थापता म्हणाली, "सतरा कामट्या काढा. एकेकाला एकेक." मी लक्ष दिलं नाही, डोकं चिन्हात होतं.

दुपारी जरा पडलो आणि मला एकदम सुचलं. सतरा कामट्या! सतरा वॉर्ड, सतरा कामट्या, एकमेकींत विणलेल्या, एक काढली तर सूप सुटेल. धावत जाऊन रत्नाला सांगितलं. ती म्हणाली, "वा. डोकं हाय तुमाला." गेल्या कित्येक वर्षांत तिने माझं असं कौतुक केलं नव्हतं.

२९ डिसेंबर

सभेत या वेळेला अर्थाचं पान नेलंच नाही. कागद भिंतीला लावला आणि बाजूला उभा राहिलो. धाऊने आधी लोंबी बघितली. "आता भरली," म्हणाला. मग प्रत्येकाने कामट्या मोजल्या, बोट लावून. मोजून झाल्यावर आठ नंबरने विचारलं, "वरची कामटी कुणाची?" नऊ नंबर लगेच उभा राहिला. दोन महिन्यांचं काम आता टॉवरवर जातंय असं वाटलं.

निर्मलाताईंनी शिपायाला कँटीनमधून तांदूळ पाखडायचं सूप आणायला लावलं आणि ते नऊ नंबरच्या हातात दिलं. "पाखडा." तो म्हणाला मला येत नाही. आठ नंबरला दिलं, त्यालाही येईना. ताईंनी स्वतः घेऊन दोनदा झटकलं. "वर काय नि खाली काय, हातात फिरतं ते. आता मत द्या." विनोदने या वेळेला सिंहांच्या जागी लॅपटॉप घातला होता. त्याला तीन मतं, मला चौदा. ती तीन कोणाची ते मला माहीत आहे, पण लिहीत नाही.

झालं, पास. माझं चिन्ह पळसोंडे शहराचं. यमाजीबाबांनी पाठीवर हात ठेवला तेव्हा रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

३० डिसेंबर

आज ताईंनी ऑर्डर काढली. अनावरणाच्या आधीच सगळ्या वॉर्डांच्या तोंडाशी बोधचिन्ह लावायचं. सतरा फ्लेक्स. विनोदकडे.

मला सव्वीस जानेवारीला शाल आणि श्रीफळ. म्हणजे चिन्ह माझं आणि काम मशीनचं. मी पैज जिंकलो आणि ब्रशला काम नाहीच. ताईंना बोललो नाही, त्यांच्या डोक्यातही आलं नसेल. फ्लेक्स म्हणजे पाटी असंच आता सगळ्यांना वाटतं. रत्नाला म्हणालो, गणवेश काढून ठेव, गेटवरच जायचंय. तर म्हणे धुवायला टाकलाय. न वापरलेला गणवेश धुवायचा कशाला? बायकांच्या स्वच्छतेपुढे काय बोलणार.

१६ जानेवारी

आठवड्याभरात सतरापैकी अकरा फ्लेक्स गायब. चोरीबिरी काही नाही. दोन धाऊच्या पेंढ्यावर आहेत, पेंढा भिजू नये म्हणून. एक दूधवाल्याच्या गोठ्यावर, त्याच्या म्हशीच्या डोक्यावर शहराचं बोधचिन्ह. सहा नंबरच्या पोरांनी पिचवर अंथरलंय. गावात एवढं दणकट कापड फुकट टांगलेलं दिसल्यावर कोण सोडेल? राहिलेल्या सहांवरही बघायला काही नाही. कामट्या छापताना एकमेकींत मिसळल्या आणि सुपाची करपलेली भाकरी झाली. विनोद स्वतः मला दाखवायला घेऊन आला, तोंड एवढंसं करून. "काका, मशीनला सूप विणता येत नाय."

मी हसलो नाही. आतून हसलो.

१९ जानेवारी

निर्मलाताई तणतणत गाडी घेऊन सगळ्या वॉर्डांत फिरल्या, मला आणि विनोदला मागे बसवून. ठाकूरवाडीच्या फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली. दगडावर माझं 'ठाकूरवाडी', तसंच्या तसं, बाणासकट. यमाजीबाबा तिथेच उभे होते. म्हणाले, "ताई, परवा अँब्युलन्स थेट दारात आली, म्हातारीला ताप होता तं. आता दगडावर आमचं सूप पण काढून द्या. ते प्लास्टिक नको."

ताई दगडाकडे बघत राहिल्या. "हा कोण नेणार?" असं स्वतःशीच बोलल्या. मग मला विचारलं, "अनंताभाऊ, एक चिन्ह रंगवायला किती दिवस?" मी सांगितलं, कामट्या धरून चार. त्यांनी बोटांवर मोजलं: सतरा वॉर्ड, पाण्याची टाकी, तीन शाळा, दवाखाना, कचऱ्याच्या दोन गाड्या, मग सगळ्या पाड्यांच्या फाट्यांवर नावं. "वर्ष जाईल तुमचं. गेटवर जाणार होतात ना? नका जाऊ." विनोद पटकन म्हणाला, रविवारी मी येतो काका, हात अजून बसलेला हाय का बघू. त्याला मी 'पण'साठी माफ केलं.

२६ जानेवारी

अनावरण ठाकूरवाडीच्या दगडावरच झालं, हिरीआजीच्या हातून. पडदा बाजूला झाल्यावर ती जवळ गेली, लोंबीला बोट लावलं, सूप नीट निरखलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आता कोंडा नाय." शाल मिळाली. श्रीफळ फोडून वाडीतल्या पोरांना वाटलं. यमाजीबाबांच्या नातीने खोबरं खाल्लं आणि दगडावर पांढरा हात उठवला, कारण कडेचा रंग ओला होता. तो हात मी पुसला नाही.

२९ जानेवारी

हेमंत उद्या येतोय. गणवेश परत द्यायचा. सकाळपासून तीनदा विचारलं. पहिल्यांदा रत्ना म्हणाली वाळतोय, मग म्हणाली ट्रंकेत असेल, तिसऱ्यांदा ती शेळीला हाकलायला गेली, आणि शेळी आज आलेलीच नव्हती.

मी ब्रश धुवायला बसलो. रंगाने भरलेलं जुनं फडकं टाकून पिशवीतलं नवं काढलं. निळं. झटकलं तर त्याला खिसा. खिशाला बटण. पिशवी पालथी केली. एक तुकडा खांद्याचा होता आणि त्यावर पिवळ्या धाग्याने 'सुरक्षा'.

वही चाळली. पहिले चार तुकडे तिने मला पंधरा नोव्हेंबरला दिले होते. तेव्हा सूप नव्हतं, सभा नव्हती, माझ्या लोंब्याही ताठ होत्या. जिंकण्याचं नावनिशाण नव्हतं तेव्हाच तिने कात्री लावली होती. आणि मी ही वही भरून लिहीत बसलो की बायकोला गेटवरचा नवरा पाहिजे.

तुकडा घेऊन चुलीपाशी गेलो. ती मान वर न करता म्हणाली, "चार बोटं कापायची होती. कात्री थांबलीच नाय."

मला खूप काही बोलायचं होतं. शेवटी विचारलं, "आणि मी हरलो असतो तर?"

"तर फडकी तरी चांगली झाली असती," ती म्हणाली. "खा आता, भाकरी गार होते."

हेमंतला काय सांगायचं ते मी तिच्यावर सोडलंय. भाऊ तिचा, कात्रीही तिची.